बाळाला समुद्र दाखवायला

आमच्या डोंगरावरच्या लोमा आल्ता गावात कोंबडा सूर्य बघून आरवत नाही, एवोदियाच्या घरचा धूर बघून आरवतो, असं तिचा नवरा फिदेन्सियो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. त्यात थट्टा होती, तेवढाच अभिमानही होता. चुन्याच्या पाण्यात शिजवून रातभर मुरलेला मका एवोदिया उजाडायच्या आत धुवायची, बादली कमरेवर घेऊन गिरणीवर जायची, दळलेल्या ओल्या पिठाचा गोळा घेऊन परत यायची आणि मातीच्या मोठ्या तव्यापुढे उभी राहायची, ती उन्हं डोक्यावर येईपर्यंत. दोन तळव्यांमध्ये गोळा थापायचा, तव्यावर टाकायचा, उलटायचा, पुन्हा उलटायचा. तिच्या तोर्तिया, म्हणजे मक्याच्या भाकरी, पातळ, कडेपर्यंत सारख्या, आणि तव्यावर पडल्या की पोटात वारा भरून फुगणाऱ्या. लोमा आल्तातली कितीतरी मुलं त्यांच्यावर वाढली, लग्न करून गेली आणि सासरहून निरोप धाडत राहिली, की इथल्या तोर्तियांना आपल्या गावची चव नाही.

या कामाचा एवोदियाला कंटाळा नव्हता. हातांना तर ते आवडायचंच. तळवे थापताना तिच्या तोंडातून आपोआप गुणगुणणं निघायचं. पाय मात्र आताशा वेगळं बोलायला लागले होते. साठी जवळ आली होती, दोन्ही मुली शहरात नांदत होत्या, आणि संध्याकाळी दारातल्या खुर्चीवर बसलं की पायांतून तव्यापुढची सगळी वर्षं एकदम वर चढून यायची.

मनात तिच्या एक इच्छा होती आणि ती बोलून दाखवायची तिला लाज वाटायची. बसावं. कुठंतरी सावलीत, वारा लागेल अशा जागी नुसतं बसावं, आणि दुसऱ्या कुणी भाजलेली गरम तोर्तिया आयती आपल्या हातात यावी. समुद्र तिनं कधी पाहिला नव्हता. डोंगर उतरलं की एका दिवसाच्या वाटेवर तो आहे, हे लहानपणापासून ऐकून होती. पण खरं सांगायचं तर समुद्रापेक्षा तिला त्याच्या काठावरच्या सावलीची ओढ होती.

एका रविवारी मिस्सा संपल्यावर गिरणीवाला चर्चच्या अंगणात उभा राहिला आणि टोपी हातात घेऊन म्हणाला, की दगड पार झिजलेत, मोटारही धाप टाकते, सगळं नवं बसवायचं आहे, तेव्हा मे महिन्यात, मातृदिनाचा सण झाला की, आठवडाभर गिरणी बंद राहील.

बायकांनी त्याला घेरलं.

"आठवडाभर आम्ही काय दगड खायचे?"

"जुने दोन निघणारच आहेत," गिरणीवाला म्हणाला. "हवे तर घेऊन जा."

सगळ्या त्याच्यावर तुटून पडल्या. एवोदिया मात्र रेंगाळत, नेहमीपेक्षा लांबच्या वाटेनं घरी आली. फिदेन्सियो पडवीत चामडं ताणत बसला होता. तो वहाणा करायचा, गाडीच्या जुन्या टायरचा तळ आणि वर विणलेल्या पट्ट्या, डोंगरात दहा वर्षं टिकतील अशा.

"म्हाताऱ्या," ती म्हणाली, "गिरणी आठवडाभर बंद."

"ऐकलं. म्हणजे माझे उपास."

"म्हणजे माझ्या हाताला काम नाही."

त्यानं मान वर केली. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी बायकोच्या आवाजातलं हे वळण त्याला नवं होतं.

"मग?"

"मग चार दिवस समुद्रावर जाऊ या."

फिदेन्सियोनं हातातली आरी खाली ठेवली. हसावं की नाही हे त्याला ठरवता येईना. शेवटी म्हणाला, "मला वाटलं तू नवी चूल मागतेस."

बेत आखायला कोमाद्रे लिव्रादा आली. एवोदियाच्या धाकट्या मुलीला बाप्तिस्म्याच्या वेळी लिव्रादानं हातांवर धरलं होतं, आणि आमच्याकडे त्या क्षणापासून दोन बाया सख्ख्या बहिणींपेक्षा जवळच्या होतात. लिव्रादाची मावसबहीण ओब्दुलिया खाली एल पालमारितोत राहायची. लहानसं कोळ्यांचं गाव, वाळूवर ओढलेल्या होड्या, एक चर्च, एक गिरणी. ओब्दुलियाकडे भाड्यानं द्यायच्या चार खोल्या होत्या. लिंबाच्या झाडाखाली फोन टेबलावर ठेवून सगळ्यांना ऐकू येईल असा लावला.

"पंखा आहे," पलीकडून ओब्दुलियाचा खणखणीत आवाज आला. "गार हवेचं यंत्र नाही. गरम पाणी नाही, पण इथं गार पाणीच गरम येतं, तेव्हा तक्रार करू नका."

"खोली कशी आहे?" लिव्रादानं विचारलं.

"समोरच्या दोन खोल्यांतून समुद्र दिसतो, त्या महाग. मागच्या दोन खोल्यांतून माझ्या कोंबड्या दिसतात, त्या स्वस्त."

"मागची द्या," एवोदिया झटकन म्हणाली. "समुद्र आम्ही चालत जाऊन बघू."

पलीकडे ओब्दुलिया खळखळून हसली. "बाई शहाणी दिसते. मेमध्ये इथं चिटपाखरू नसतं. शाळा चालू, उकाडा मरणाचा. भाडं निम्मं घेईन. आणि लिव्रादा सांगत होती तुझा नवरा वहाणा करतो?"

"करतो."

"मग ते निम्मंही नको. दोन जोड आण. माझा पाय रुंद आहे, बदकासारखा. नीट माप घ्यायला सांग."

"फोनवरून माप कसं घेऊ?" फिदेन्सियो मागून ओरडला.

"बदक बघितलंय ना? तसं!"

असा तो बेत जमला. हात दाखवला की कुठंही थांबणारी सकाळची बस पकडायची. वाटेसाठी घोटलेला घेवडा आणि सुकवलेलं मांस घरूनच न्यायचं. मासा तिथं होडीवरूनच घ्यायचा, हॉटेलात बसायचं नाही. उन्हाला मोठी छत्री. आणि एवोदियानं मनाशी एक गोष्ट पक्की केली होती, की चार दिवस पिठाला हात लावायचा नाही. ओब्दुलियाच्या शेजारणीकडे तोर्तिया विकत मिळतात, हे तिनं फोन ठेवता ठेवता हळूच विचारून घेतलं होतं. ते विचारताना तिचे कान लाल झाले होते.

पुढचे काही दिवस ती तव्यापुढे उभी असायची, पण मन कधीच डोंगर उतरून गेलेलं असायचं. फिदेन्सियो बदकाच्या पायाच्या वहाणा करत होता आणि मध्येच स्वतःशी हसत होता.

मग दोन्या प्रिस्का आली.

दोन्या हा आमच्याकडे वडीलधाऱ्या बाईला द्यायचा मान; प्रिस्का उंच, वाळकी, काठी टेकत चालणारी बाई. तिच्याकडे गावच्या बाळाची देखभाल होती. बाळ म्हणजे आमचा निन्यो, लाकडाचा बाळ येशू, हातभर लांब, गुलाबी गालांचा. तो चर्चमध्ये राहत नाही. वर्षभर घरोघरी फिरतो, प्रत्येक घरी पंधरा दिवस. ज्या घरी तो असतो तिथं संध्याकाळी माणसं माळेची प्रार्थना करायला जमतात, आणि जमलेल्या सगळ्यांना त्या घरानं जेवू घालायचं असतं. त्याला कपडे आहेत, टोपरी आहेत, खेळणी आहेत. बोलावणी इतकी असतात, की नाव दिल्यावर पाळी यायला वर्षं लागतात. फिदेन्सियो न्यूमोनियानं बिछान्याला खिळला होता, श्वास आत ओढला की छातीच्या पिंजऱ्यात काहीतरी फाटल्यासारखा आवाज यायचा, तेव्हा एवोदियानं नवस बोलला होता: हा उठून बसला तर बाळाला घरी आणीन. तो उठून बसला. तेव्हापासून ती पाळीची वाट बघत होती.

"एवोदिया, आनंदाची बातमी," दोन्या प्रिस्का दारातच म्हणाली. "ज्यांची पाळी होती त्यांची मुलगी शहरात बाळंत होणार आहे, ते सगळे तिकडे निघालेत. बाळ तुझ्याकडे येतोय. मातृदिनानंतरच्या रविवारी."

एवोदियाच्या डोळ्यांत पाणी आलं. दोन्या प्रिस्काला ते आनंदाचं वाटलं, आणि ते आनंदाचं होतंही. फक्त नुसतं आनंदाचं नव्हतं.

ती गेल्यावर फिदेन्सियो म्हणाला, "म्हातारे, तोच आठवडा."

"माहीत आहे."

"पुढच्या वेळी बोलव म्हणून सांग."

"नवसाला पुढची वेळ नसते रे. तू मरत होतास तेव्हा त्यानं म्हटलं का, पुढच्या आठवड्यात बघतो म्हणून?"

फिदेन्सियो छाती चोळत बसला.

गिरणी पुन्हा बंद व्हायची म्हणजे नवे दगड झिजायला हवेत, आणि तोपर्यंत आपले पाय कुठं असतील, हा हिशेब एवोदियानं मनातल्या मनात केला आणि सोडून दिला. दोन दिवस ती गुणगुणली नाही. तिसऱ्या दिवशी तोर्तिया उलटता उलटता तिचा हात थबकला. तव्यावरची जळली. तिला एक गोष्ट सुचली होती, आणि सुचली ती इतकी सोपी होती की तिला स्वतःचंच हसू आलं.

रविवारी मिस्सा संपल्यावर ती अंगणात दोन्या प्रिस्कापुढे जाऊन उभी राहिली. तिची चूक इथंच झाली. ही गोष्ट तिच्या घरी जाऊन, कॉफी पिता पिता, हळू आवाजात विचारायची होती. पण मनात आलेलं तोंडात धरून ठेवणं तिला जमलं नाही.

"दोन्या प्रिस्का, बाळानं समुद्र पाहिलाय का?"

अंगणातल्या बायांनी माना वळवल्या. दोन्या प्रिस्कानं काठीवर दोन्ही हात ठेवले.

"माझ्या वेळेत तरी नाही," ती विचार करून म्हणाली. "माझ्या आईच्या वेळेतही नसावा."

"मग मी म्हणत होते, माझ्याकडे तो पंधरा दिवस आहे. त्यातले चार दिवस आम्ही त्याला समुद्र दाखवून आणलं तर? बसमध्ये त्याचं वेगळं तिकीट काढू. मी एक क्षण नजरेआड करणार नाही."

दोन्या प्रिस्काचा वाळका चेहरा एका बाजूनं जरासा हलला. "कुठल्या लेकराला समुद्र आवडत नाही?" ती म्हणाली. "ने."

एवोदियानं सुटकेचा श्वास घेतला, तो अर्धा आत असतानाच मागून कुणीतरी विचारलं, "किती वाजता निघायचं?"

"काय?"

"बाळ निघणार ना? मग किती वाजता?"

तेव्हा तिला कळलं. बाळ गावाबाहेर निघाला की ती त्याची मिरवणूक असते, आणि मिरवणुकीत यायचं म्हणणाऱ्याला कुणी नाही म्हणू शकत नाही. हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. आपल्या सुट्टीला मिरवणूक म्हणतील, हे मात्र तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. आणि गिरणी बंद असल्यामुळं गावातल्या सगळ्याच बायका मोकळ्या होत्या.

"आमच्याकडे जनावरं नेणारा ट्रक आहे," लिव्रादा उत्साहानं म्हणाली. "धुऊन काढू. बाकं टाकू. तुमची बस कशाला?"

"मी मोठं पातेलं घेते!"

"टोपरं लोकरीचं नको हं, तिकडे उकडतं. त्याला गवताची टोपी विणू."

घरी येताना फिदेन्सियो तिच्या बाजूनं गुपचूप चालत होता. कोपऱ्यावर आल्यावर त्याच्यानं राहवलं नाही. "तुला शांतता हवी होती ना? घे. अख्खी शांतता ट्रकमध्ये बसवून निघालीस."

"तू गप्प बस."

"बसतो. ट्रकमध्ये जागा मिळाली तर."

एवोदिया हसली नाही. घरी आल्यावर खुर्चीवर बसून तिनं पाय लांब केले आणि त्यांच्याकडे बघत राहिली. ज्याच्या घरी बाळ, त्यानं जमलेल्यांना जेवू घालायचं. समुद्राकाठी काय न् डोंगरावर काय. इतक्या माणसांच्या तोर्तिया म्हणजे सकाळ, दुपार, संध्याकाळ तव्यापुढे. घरी दुपारनंतर तरी सुटका असायची.

"जायलाच नको," ती म्हणाली. "घरीच करते नवस पुरा."

"आता कसं नाही म्हणशील? पोरं बाळाची टोपी विणतायत." फिदेन्सियो तिच्यापाशी खाली बसला आणि तिची पावलं मांडीवर घेऊन दाबू लागला. "मी मळीन पीठ. मला येतं."

"तुझ्या हाताला चामड्याचा वास येतो."

"मग मीठ जास्त घालू."

आता ती हसली. पण ओब्दुलियाला फोन करताना तिचा आवाज पडलेलाच होता. ओब्दुलियाला मात्र आनंद मावेना. "बाळ येतोय? माझ्याकडे? अगं येऊ देत सगळ्यांना! खोल्या पुरायच्या नाहीत, पण झावळ्यांचा मांडव आहे, झोळ्या बांधू. आमचं सगळं गाव झोळीतच झोपतं. मासे मी सांगून ठेवते. आणि माझ्या वहाणा विसरू नकोस."

सोमवारी उजाडताना ट्रक निघाला. बाळ पुढे चालकाशेजारी खिडकीपाशी, आपल्या काचेच्या पेटीत, पट्ट्यानं नीट बांधलेला, डोक्यावर गवताची टोपी. फिदेन्सियोनं त्याच्यासाठी बोटाएवढ्या वहाणा केल्या होत्या, वाळूत पाय भाजू नयेत म्हणून. मागे बाकांवर बाया, पातेली, झोळ्या, छत्र्या. पाइनची झाडं संपली, मग निळसर घायपाताची शेतं, मग आंब्याच्या बागा आणि शेवटी नारळ. हवा जड झाली, खारट झाली. एका वळणावर डोंगर बाजूला सरला आणि समोर समुद्र आला. एवोदियाच्या तोंडून फक्त एवढंच निघालं, "अगं बाई, किती हे पाणी." आणि लगेच तिच्या मनात आलं, की चूल कुठं मांडायची.

ओब्दुलिया फाटकातच उभी होती, रुंद, काळी, हसरी. आल्या आल्या वहाणा घालून बघितल्या. "बसल्या!" ती ओरडली. "अरे, हा माणूस जादूगार आहे!"

मागच्या खोलीत तिनं बाळासाठी टेबल मांडलं होतं, फुलं, मेणबत्त्या, भरतकामाचा कापडी तुकडा. माणसं सामान उतरवत होती. एवोदियानं स्वयंपाकाचं फडकं कमरेला बांधलं, मांडवाखालची चूल बघितली, पालमारितोच्या गिरणीवरून आणलेला पिठाचा गोळा बोटानं दाबून बघितला आणि बाह्या वर सारल्या.

तेवढ्यात मागच्या खोलीतून दोन्या प्रिस्काचा आवाज आला. "एवोदिया! इकडे ये."

दोन्या प्रिस्का टेबलापुढे काठी रोवून उभी होती. टेबलावर एक कोंबडी चढली होती आणि फुलं टोचत होती. दाराला कडी नव्हती. जमिनीवरून एक खेकडा तिरका तिरका चालत पलंगाखाली गेला.

"इथं त्याला ठेवायचा?" दोन्या प्रिस्कानं विचारलं.

"मी कोंबड्या कोंडते," ओब्दुलिया ओशाळून म्हणाली.

"आणि खेकडे? त्यांनाही कोंडशील? बाई, तुझं घर चांगलं आहे, मन त्याहून चांगलं आहे, पण लेकरू नव्या जागी आलंय. नव्या जागी लेकराला खाली ठेवत नाहीत. ते मांडीवर राहतं." तिनं पेटी उघडली, बाळाला दोन्ही हातांनी उचललं आणि एवोदियासमोर धरलं. "घे."

"माझ्या मांडीवर? दोन्या प्रिस्का, माझी चूल..."

"नवस कुणाचा?"

"माझा."

"मग मांडी कुणाची?"

"पण माणसं जेवणार काय?"

दोन्या प्रिस्कानं खिडकीतून मांडवाकडे बघितलं. तिथं लिव्रादा आणि बाकीच्या बाया उभ्या होत्या. "त्यांना हात आहेत," ती म्हणाली. "लेकरू मांडीवर असलेल्या बाईला चुलीशी उभं करतं का कुणी? धुरानं डोळे जातील त्याचे."

"मी धरते ना त्याला," लिव्रादा पुढे झाली. "कोमाद्रे स्वयंपाक करेल."

"तू पीठ मळ," दोन्या प्रिस्का म्हणाली, आणि विषय तिथंच संपला.

अशी एवोदिया बसली. झावळ्यांच्या मांडवात, विणलेल्या खुर्चीवर, समुद्राकडे तोंड करून, मांडीवर बाळ. पहिला दिवस तिचा फार हालात गेला. बसायला तिला येतच नव्हतं. मागे चुलीशी चाललेला थापण्याचा आवाज ऐकून तिचे तळवे शिवशिवायचे. न बघता तिला कळायचं, की पीठ सैल झालंय, की तवा पुरता तापलेला नाही.

"लिव्रादा, कडा! कडा पातळ कर!"

"हो गं, हो!"

"उलट आता! जळेल ती!"

"एवोदिया," दोन्या प्रिस्का शेजारच्या झोळीतून डोळे मिटूनच म्हणाली, "बाळ झोपलाय. ओरडू नकोस."

थोड्या वेळानं एवोदियाचा हात आपोआप बाळाच्या पाठीवर थोपटू लागला. त्या थोपटण्याला तोर्तिया थापण्याचीच लय होती, फक्त खूप सावकाश.

दुपारी फिदेन्सियो ताट घेऊन आला. तळलेला मासा, लिंबू, घेवडा आणि कापडात गुंडाळलेल्या तोर्तिया. तिचे हात बाळात गुंतलेले, म्हणून तो समोर वाळूत बसला आणि घास करून तिला भरवू लागला. बायकांनी बघितलं आणि एकच गलका केला.

"अगंबाई, नवरदेव भरवतोय!"

"फिदेन्सियो, मलाही एक घास!"

"तुझ्या नवऱ्याला सांग की," तो म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते, पण त्यानं घास भरवायचं थांबवलं नाही.

तोर्तिया जाड होत्या. एकीकडे करपलेल्या, मध्ये जरा कच्च्या. एवोदिया सावकाश चावत राहिली. इतकी जाड तोर्तिया तिनं आयुष्यात खाल्ली नव्हती. ती गरम होती, आणि ती करताना तिचा हात लागला नव्हता.

"वाईट झालीय?" लिव्रादानं काळजीनं विचारलं. तिच्या गालावर पीठ होतं, बोट भाजलेलं होतं.

"आणखी एक दे," एवोदिया म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिनं मागे वळून बघणं सोडलं. पाणी येत होतं, जात होतं. होड्या पहाटे बाहेर पडायच्या आणि ऊन वाढायच्या आत परत यायच्या. सगळे कोळी आधी बाळाला मासा दाखवायला आणायचे आणि मग विकायला न्यायचे. पालमारितोतल्या म्हाताऱ्या येऊन बाळाच्या वहाणांना हात लावून बघायच्या आणि फिदेन्सियोला मापं देऊन जायच्या. रोज संध्याकाळी दोन गावांची माणसं मांडवात जमायची, प्रार्थना व्हायची, जेवणं व्हायची, आणि जेवून उठणारा प्रत्येक जण एवोदियाला म्हणायचा, "देव तुझं भलं करो." तिला ते घ्यायला संकोच व्हायचा. मी तर काहीच केलं नाही, असं ती म्हणायची. हळूहळू तिनं तेही म्हणायचं सोडलं. ती नुसती मान लववायची आणि मनातल्या मनात तेच प्रत्येकाला परत करायची: लिव्रादाच्या भाजलेल्या बोटाला, ओब्दुलियाच्या रुंद पायांना, पातेलं घासणाऱ्या, लाकडं फोडणाऱ्या सगळ्यांना. पाय अजून दुखत होते. पण आता ते तिच्याशी भांडत नव्हते.

दोन्या प्रिस्कानं हे मुद्दाम केलं का, असं तिनं फिदेन्सियोला विचारलं.

"तूच विचार तिला."

"नको. ती नाही म्हणाली तर?"

निघायच्या आदल्या दिवशी दुपार कलल्यावर दोन्या प्रिस्का झोळीतून उठली, एवोदियापाशी आली आणि तिनं हात पुढे केले.

"आण त्याला."

"पण तुम्हीच म्हणालात, की मांडीवर..."

"मी काही परकी आहे का त्याला? मांडी मलाही आहे. हाडं टोचतात जरा, पण तो तक्रार करत नाही." तिनं बाळाला घेतलं, टोपी नीट केली. "समुद्र बघायला आलीस ना? तीन दिवस नुसता बघतेयस. जा."

एवोदिया उठली. हात एकदम रिकामे वाटले, कुठं ठेवावे कळेना. ती वाळूतून चालत गेली, अंगावरच्या कपड्यांनिशीच. पहिली लाट पावलांवरून गेली तेव्हा तिनं "अगं!" केलं, जसा कुणी ओळखीच्यानं मागून येऊन हात लावावा. ती पुढे गेली, गुडघ्यांपर्यंत, आणि मग, कुणाची लाज न धरता, पाण्यात खाली बसली. पाणी कमरेभोवती फिरलं, झगा फुगून वर आला. पाय तिला जड लागेनात. ते जणू तिचे नव्हतेच, पाण्यानं ते थोडा वेळ वागवायला घेतले होते.

किती वेळ गेला तिला कळलं नाही. पाण्यावर तांबूस रंग उतरला. मांडवातून लिव्रादाचा आवाज आला.

"कोमाद्रे! प्रार्थनेची वेळ झाली! सगळी जमली! तुझ्याविना सुरू कशी करायची?"

एवोदियानं वळून बघितलं. मांडवात दोन्ही गावांची माणसं उभी होती, मेणबत्त्या लागल्या होत्या. सगळ्यांची तोंडं तिच्याकडे. आजवर कुणी हाक मारली आणि ती उठली नाही, असं कधी झालं नव्हतं. तिनं एक हात पाण्यात टेकवला. मग तो परत काढून घेतला.

"थांबा जरा!" ती ओरडली. "अजून थोडा वेळ!"

माणसं एकमेकांकडे बघू लागली. लिव्रादा पुन्हा हाक मारायला तोंड उघडणार, तेवढ्यात दोन्या प्रिस्का बाळाला घेऊन खुर्चीवर टेकली.

"बसा सगळे," ती म्हणाली. "आम्हाला काही घाई नाही."

आणि सगळी वाळूवर बसली.